हळदीच्या घरातली हवा

सांगली, ९ फेब्रुवारी १९९७

सौ. चंदनबाला हिस,
मदन भूपाल शेटे यांचेकडून.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. तू जैन समाजाबाहेर लग्न केलंस, मी आलो नाही, त्यानंतर तुझी पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. तो विषय या पत्रात नाही. काम आहे म्हणून लिहितोय. तुझ्या घरच्यांचं साताऱ्याला विजेच्या सामानाचं दुकान आहे असं ऐकून आहे. तेव्हा माहिती हवी.

एक यंत्र असतं, ते खोलीत पाण्याची वाफ सोडतं. दुसरं असतं, ते खोलीतली हवा ओढून घेतं, गाळतं आणि परत सोडतं. दोन्हींतलं घराला कुठलं बरं? सारखं चालू ठेवलं तर जळतं का? आवाज किती करतं? आमच्या पेठेतले दादासो म्हणतात, वाफेचंच घ्या, त्यांच्या मुंबईच्या मेहुण्याकडे आहे. पण दादासोंचं ऐकून मी एकदा कूलर घेतला होता, त्यात आता गुंडा हमाल आपले कपडे ठेवतो. म्हणून तुला विचारतोय.

यंत्र तुझ्या आईसाठी. तिला जरा खोकला आहे. डॉक्टर म्हणतात, घरातली हवा सुधारा. हवा काय पोरगं आहे, दोन धपाटे घातले की सुधारायला? पण माझा मी विचार केला. घसा कोरडा पडतो म्हणून खोकला येतो, आणि आमची मागची निजायची खोली तर साऱ्या घरात कोरडी. तुला आठवत असेल, म्हणूनच मी उत्तम माल पहिल्यापासून तिथंच ठेवतो, पलंगामागं थप्पी लावून. खालच्या वखारीत ओल धरेल, त्या खोलीत कधी धरायची नाही. म्हणजे तिथं थोडी वाफ सोडली की काम झालं, असं मला वाटतं.

फोन करू नकोस. फोन दुकानात आहे, हमाल-तोलाईवाले कान देऊन बसलेले असतात. आईला या पत्राची कल्पना नाही. एका ओळीत उत्तर दे, पुरे.

मदन शेटे


सांगली, २२ फेब्रुवारी

चि. चंदनबाला हिस,

एक ओळ मागितली, तू चार पानं पाठवलीस. त्यातली तीन नुसती प्रश्नांची. खोकला कधीपासून, बसून झोपते का, ओठ निळे पडतात का. तू डॉक्टर कधी झालीस? खोकला दिवाळीपासून आहे. बसून झोपते. ओठांकडे मी बघितलं नाही.

चौथं पान तुझ्या घरच्यांनी लिहिलंय, अक्षर बरं आहे. ते लिहितात, वाफेचं यंत्र घेऊ नका, धूळ असेल तर गाळणारं घ्या, आणि त्याच्याही आधी खोलीतली हळद बाहेर काढा. त्यांना सांग, यंत्राचं विचारलं होतं, हळदीचं नाही. हळदीनं माणूस आजारी पडत असता तर सांगलीत आज चिटपाखरू उरलं नसतं. लेकरू पडलं की हळद, कापलं की हळद, घसा धरला की दुधात हळद. आमच्या चार पिढ्यांनी तीच खाल्ली आणि तीच विकली.

शिवाय तुमचं पत्र यायच्या आधीच दादासोंनी मुंबईहून वाफेचं यंत्र आणवलं होतं. घागरीएवढं, पांढरं, वरच्या तोंडातून गार धूर सोडणारं. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. तुझी आई समोर खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसली होती, नव्या सुनेकडे बघावं तशी.

अडचण पुढं आली. तिचं पाणी तुला माहीत आहे, फडक्यानं गाळून आणि उकळून. यंत्रातही तसंच हवं म्हणाली. ते मी केलं. दिवस मावळला, तशी ती उठली आणि बटण बंद करून आली. मी म्हटलं, अगं, रात्रीसाठीच तर आणलंय. तर म्हणते, “आवं, वाफ म्हंजे पाणीच की. नाकातनं, तोंडातनं आत जातंय. दिस बुडाल्यावर मी पाणी घेत न्हाई, ठावं हाय न्हवं तुमाला?” मी म्हटलं, ही नुसती हवा आहे. म्हणाली, “हवा हाय, तर भांड्यात पाणी कशाला वतलंसा?”

डॉक्टरांनी तोंडात मारायचा दम्याचा फवारा दिलाय, तोसुद्धा ती दिवेलागणीनंतर घेत नाही. (दमा आहे. मागच्या पत्रात खोकला लिहिलं होतं.) आणि तिचा जीव घाबरा होतो तो नेमका दिवेलागणीनंतर. लहानपणी तू तिला काहीही पटवायचीस. कसं पटवायचीस, ते कळव.

मदन शेटे


सांगली, १४ मार्च

चि. चंदना,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तुझं आहे हे सांगितलं नाही, पेपरात आलंय म्हणालो. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “पेपरवाल्याला माझं गुडघं दुखत्यात ते कसं कळलं?” तेव्हा तिला आता सगळं माहीत आहे.

बस्तीत देवदर्शनाला गेलो आणि तिथल्या उपाध्यांना घरी आणलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आजारपणात औषध म्हणून घेतलं तर नेम मोडत नाही. तिनं त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, “तुमी सांगितलासा, लय बरं झालं. पर नेम मी देवाफुडं घेतलाय, तुमच्याफुडं न्हाई.” उपाध्ये माझ्याकडे बघत उठून गेले.

मग मी एक शक्कल काढली. ती रात्री यंत्र लावू देत नाही ना, मग दिवसभर लावू. सगळी दारं-खिडक्या बंद करायची, फटींत चिंध्या कोंबायच्या, खोली वाफेनं गच्च भरून ठेवायची. मावळतीला तिनं बटण बंद केलं तरी आतली ओल रात्रभर पुरेल. तिचा नेमही राहील आणि घसाही ओला राहील. मी खूश होतो. रोज सकाळी स्वतः पाणी गाळून भरत होतो.

परवा गुंडा गिऱ्हाइकाला दाखवायला त्या थप्पीतलं पोतं काढायला गेला. बाहेर येऊन म्हणाला, “मालक, हळकुंड मोडंना झालंय.” मी म्हटलं, तुझ्या हातात जोर नाही. मीच घेतलं. चंदना, चांगलं हळकुंड काडकन् मोडतं, डोळे बांधून मी माल ओळखतो त्या आवाजावर. हे वाकलं. आत पांढरी लव आली होती. भिंतीकडची सगळी थप्पी बुरशीनं भरली होती, पलंगाच्या मागची भिंतही. पेठेतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हळदीपाशी ओल जाऊ देऊ नये. मी ती विकत आणून, गाळून, उकळून त्या खोलीत कोंडली, आणि तिला तीत निजवलं.

काल तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला नळी लावलीय. दिवसाउजेडी नेलं, त्यामुळं ओठ बघितले. निळे होते.

मी घाबरलोय. हे मी कुणापाशी बोललो नाही, तुझ्यापाशी बोलतोय. तुझ्या घरच्यांना, शौनकरावांना सांग, गाळायचं जे काही यंत्र असेल ते पाठवा. लहान-मोठं त्यांनीच ठरवावं, मी अक्कल चालवणार नाही. आणि तू आईला वेगळं लिही. ती आत्ताच म्हणतेय, त्याच्या जाळीत बारीक जीव अडकून मेले तर पाप कुणाच्या माथी? माझ्या माथी म्हटलं, तर ऐकत नाही.

बाबा


सांगली, २ एप्रिल

चि. चंदना,

शौनकराव यंत्र घेऊन आले होते. त्यांनी तुला काय सांगितलं माहीत नाही, म्हणून माझ्याकडून ऐक. ते आले तेव्हा मी दुकानात काट्यापाशी होतो. पोतं नसलेला काटा मी बराच वेळ तपासत उभा राहिलो. ते थांबले. मग गुंडाच म्हणाला, “मालक, पावनं आल्यात, वर न्या की.” मग नेलं.

त्यांनी हातपाय धुतले. यंत्र उघडून तुझ्या आईला आतली जाळी दाखवली, आणि ती काही विचारायच्या आत पिशवीतून एक स्वच्छ पांढरं कापड काढलं. पाणी गाळायला आपण दुहेरी करून घेतो ना, तसलं. हवा जिथून आत जाते त्या तोंडावर त्यांनी ते ताणून बसवलं. म्हणाले, चिलटं, मुंग्या बाहेरच राहतील, आत फक्त धूळ जाईल. चंदनानं सुचवलंय म्हणाले. तुझी आई कितीतरी दिवसांनी हसली. “म्हंजे हवा गाळायची म्हणा की! मग हे आदुगर न्हाई का सांगायचं?” तिनं स्वतः बटण दाबलं. मावळतीनंतरही चालू ठेवलं. त्यात पाणी नाही ना.

शौनकरावांना तिनं दिवस असताना जेवू घातलं. मी शेजारी बसलो होतो. फार बोललो नाही, पण बसलो होतो.

जाताना ते म्हणाले, पंधरा दिवसांनी जाळी काढून बघा. आता बरं वाटेल असं वाटतंय. बुरशी लागलेला सगळा माल गाडीत घालून लांब टाकून आलो. खोलीला चुना दिला. फवारा मात्र ती अजून दिवसाच घेते.

बाबा


सांगली, २६ एप्रिल

चंदना,

जाळी काढली. पिवळी धमक.

त्या खोलीत आता हळदीचं एक कांडं नाही. मग ही कुठून आली? मी गुंडाला घेऊन सबंध घर पालथं घातलं. हळद पॉलिश करायचं पिंप मागच्या आवारात फिरायचं ते बंद करून माळावरच्या शेडमध्ये हलवलं. वखारीचं वरच्या जिन्याकडचं दार विटा लावून बुजवलं. नवी जाळी घातली. आठवड्यात तीही पिवळी. शौनकरावांना विचार, यंत्र मोठं लागेल का? दोन लावली तर? पलंगाच्या दोन बाजूंना दोन? दादासो म्हणतात, दोघांचं एकमेकांत भांडण होतं, एकाची हवा दुसरा ओढतो. त्यांचं ऐकायचं मी सोडलंय, तरी विचारतो.

ती एक वाक्य एका दमात बोलू शकत नाही. ‘जेवायला या’ म्हणताना ‘जेवायला’वर थांबते. डॉक्टर म्हणाले, असा आणखी एक झटका आला तर मिरजेपर्यंत पोचायला वेळ मिळेलच असं नाही. मला उलट टपाली लिही. काहीही लिही.

बाबा


कवठे महांकाळ, ४ मे

चि. चंदना,

लग्नासाठी इथं आलोय, आत्याच्या नातवाचं. मी येत नव्हतो, तुझ्या आईनंच धाडलं. माझी मावसबहीण तिच्या सोबतीला आहे. इथली हवा म्हणजे तव्यावरची, घाम आला की वाळतो.

पण बातमी ऐक. आज चौकातल्या बूथवरून दुकानात फोन लावला, गुंडाला म्हटलं मालकीणबाईंना बोलाव. ती जिना उतरून आली आणि बोलली! मधे न थांबता. लग्नात आमटी कशी झाली, नवरीला काय घातलं, मी उन्हात टोपी घालतो का, सगळं एका दमात. तीन रात्री आडवी झोपली म्हणाली. तीन की चार, मी विसरलो, आनंदात माझं लक्ष राहिलं नाही. मला रडू आलं, बूथवाला पोरगा बघत होता.

शौनकरावांना सांग, यंत्र लागू पडलं. त्याला अंगात भिनायला वेळ लागत असेल. मी उगाच दोनाचं मागत होतो. उद्या निघतो. आल्यावर तिला घेऊन साताऱ्याला यायचा विचार आहे. तुझी हरकत नसेल तर.

बाबा


सांगली, ९ मे

चंदना,

मी आलो त्याच संध्याकाळी तिला खोकला लागला. दुसऱ्या दिवशी बसून झोपली. परवा पुन्हा मिरज. काल घरी आणलं.

डॉक्टरांनी विचारलं, मधे बरं वाटलं ते दिवस कुठले? मी कवठ्याचे सांगितले. तेव्हा घरात काय वेगळं होतं? मी म्हटलं, काही नाही. सगळं तेच होतं. फक्त मी नव्हतो.

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग मीही बघितलं. कवठ्याहून आल्या आल्या मी दुकानात गेलो होतो, मोसमाचे दिवस, माल उतरत होता. वर जाताना हातपाय धुतले होते, नेहमीसारखे. तरी नखांत होती, घड्याळाच्या पट्ट्याखाली होती, कानामागं होती. घरी येऊन जाळी काढली. मी नसतानाची जाळी मावसबहिणीनं बदलून ठेवली होती, ती पांढरीच्या पांढरी. आल्यापासूनची पिवळी.

मी पोती हलवली, पिंप हलवलं, दार बुजवलं आणि रोज संध्याकाळी स्वतः हळद होऊन तिच्या उशाशी जाऊन बसत होतो. माझ्या जाण्यानं तिला श्वास येतो. हे कुठं ठेवू मी, चंदना?

काल तिला विचारलं, तुला हे कळलं होतं का? ती म्हणाली, “कवाच. तुमी उंबऱ्यात आलासा की मला अदुगर छातीत कळतंय, मग कानाला.” मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, “बोलून काय करू? श्वास काय, येतोय तेवढा पुरं हाय. जेवायला तुमी समोर पायजेत.”

मी गरम पाण्यानं दोनदा अंघोळ केली. दुकानातले कपडे खालीच उतरवले, डोकं भादरून घेतलं. उपयोग नाही. हे घर, ही पेठ, सगळ्यांच्या अंगावर तेच आहे. दुकान विकायला काढतो म्हणालो तर तिनं शपथ घातली. तरी मी काढणार आहे. पण लोकांचा माल माझ्या वखारीत आहे, तो दिल्याशिवाय कुलूप घालता येत नाही, आणि तेवढे दिवस तिच्याकडे नाहीत. ती इथून हलायला पाहिजे, आणि ती मला सोडून हलत नाही.

बाबा


सांगली, १३ मे

माझी चंदना,

शौनकरावांना फोन केलाय. ते परवा मोटार घेऊन येतील आणि तिला घेऊन जातील. तुझ्याशी मात्र फोनवर बोललो नाही, तुझा आवाज ऐकून मला बोलता आलं नसतं.

आता नीट वाच. तू जिन्यावरून पडलीस आणि तुझा पाय मोडलाय. उजवा. असं मी तुझ्या आईला सांगितलंय. तिच्यासाठी ती जाणार नव्हती, तुझ्यासाठी ऐकल्याबरोबर ट्रंक काढली. ती पेपराची थाप सोडली तर मी एवढ्या वर्षांत तिच्याशी खोटं बोललो नव्हतो. पट्टी बांधून बस. उजवाच पाय, गडबडीत डावा बांधशील. निदान पहिले काही दिवस काढ, तोवर तिला श्वास यायला लागेल, आणि मग खरं कळलं तरी तिला कळू दे. चिडेल. चिडायलाही दम लागतो, तेवढा आला म्हणजे झालं.

पाणी गाळून दे. दिवस असताना जेवायला वाढ. तुमच्या घरात कांदा-लसूण करत असाल, थोडे दिवस तिच्यासमोर नको. यंत्र सोबत देतोय, लागणार नाही बहुतेक, तरी असू दे. फवारा रात्री घेते का बघ. तू म्हणालीस तर घेईल, मी म्हणून थकलो.

तिनं ट्रंकेत माझं एक उपरणं घडी करून तळाशी ठेवलं होतं. ते मी काढून घेतलं. ती शोधेल. विसरलं असेल म्हण.

तिच्या मागोमाग मी येईन असं ती धरून आहे. तूही बोलावशील. मी येणार नाही. बाबांचा राग अजून गेला नाही, असं मनात आणू नकोस, शौनकरावांनाही आणू देऊ नकोस. राग केव्हाच गेला. मला तुझं घर बघायचंय, तुझ्या हातचं जेवायचंय, माझ्या मनात दुसरं काही येत नाही. पण मी दारात उभा राहिलो की ती पुन्हा खोकेल. तिला हसून या म्हणता यायला पाहिजे की नको? वखार रिकामी होऊ दे, हे अंग निवळू दे, मग बघू. किती दिवस लागतात, डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

ती आडवी झोपली की एक ओळ लिही. नुसतं ‘झोपली’ लिहिलंस तरी चालेल.

आणि माझी पत्रं तू जपून ठेवली असशील, तुझ्या आईचीच सवय. ठेवू नकोस. कवठ्याचं एक सोडलं तर सगळी दुकानात गादीवर बसून लिहिली आहेत. ती यायच्या आत घराबाहेर नेऊन जाळ, हेसुद्धा, आणि मग हात धुऊन तिला आत घे.

तुझा बाबा